दगडांच्या बागेतले रविवार

रविवारी खाण बंद असायची. बाकीचे दिवस आमच्या चाळीमागच्या डोंगरात दगड फोडायची यंत्रं धडधडत, दुपारी सुरुंगाआधीची शिट्टी वाजे, आणि मग फळीवरची भांडी एकदा थरथरून गप्प होत. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की रविवारी जाग यायची ती शांततेने. मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमची ती एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत बाबा आणि विजूदादा झोपत, आत आई आणि मी. रविवारी आई लवकर उठून स्टोव्हला पंप मारायला बसे. अर्ध्या कांद्याने तव्याला तेल फासायचा चर्र आवाज आला की विजूदादा पडवीतूनच ओरडायचा, "आई, माझे कडक कर गं." आईचे घावणे पातळ, जाळीदार आणि मऊ असत, पण ह्याला कडेने करकरीत लागत. ती त्याचे दोन वेगळे भाजायची. त्याच्याबरोबर काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याचं. तो वास कपड्यांना दुपारपर्यंत राही.

बाबा गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, आणि मग ते विक्रोळीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले. कापड विणायचे साचे सांभाळणारा माणूस बटाटे सोलायला लागला. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त खोकला गिरणीतून बरोबर आणला होता, तो बोलायचा. आई मालवणहून लग्न होऊन आली ती मालवणीच राहिली. बाबांची भाषा मुंबईची झाली, आमची तर होतीच, पण आई दुकानदाराशीही मालवणीतच बोलायची आणि तो गुजराती दुकानदार तिला बरोबर तेच सामान द्यायचा.

विजूदादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. बारावीनंतर तो स्टेशनजवळ एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जायचा. त्याच्या बोटांना नेहमी झाळकामाचा वास. उंच होता, दारातून आत येताना मान वाकवायचा, आणि सारखी शीळ घालायचा. आई म्हणायची, घरात शीळ घालू नये, साप येतात. तो म्हणायचा, "येऊ दे ना, भाडं अर्धं-अर्धं करू."

दगडांची बाग त्यानेच शोधून काढली. दुकानात रेडिओ घेऊन आलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं. आमच्यापासून डोंगराच्या कडेकडेने चालत गेलं की पाण्याच्या टाकीपलीकडे एक जुनी वाडी होती. तिथे पाध्ये मास्तर नावाच्या एका निवृत्त शिक्षकांनी दगड जमवले होते. उपनगरांत जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. पाया खणताना कोरलेले दगड निघत, आणि लोक ते बाजूला टाकत किंवा शेंदूर लावून मोकळे होत. मास्तर ते हातगाडीवरून, ट्रकवाल्यांच्या विनवण्या करून इथे आणत आणि झाडांखाली उभे करून ठेवत. वीरगळ, सतीचे दगड, जुन्या देवळाचा एक खांब, तेलाचा घाणा, एक भलं मोठं जातं. प्रत्येकासमोर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत माहिती. फाटकावर 'इतिहास केंद्र' असं लिहिलं होतं, पण म्हणायचे सगळे दगडांची बाग. बागेतून तीन वाटा निघत. एक दगडांभोवती फिरून परत येणारी, एक ओढ्याकाठाने जाणारी, आणि एक वरची. वरची वाट ऐन-करवंदांच्या जंगलातून चढत डोंगराच्या धारेवर जाई आणि तिथे तारेच्या कुंपणाशी संपे. कुंपणापलीकडे सगळं रान आणि खूप खाली तलाव.

मुंबईत राहून आम्ही फिरायला असे कुठे जात नसू. जुहूला एकदा गेलो होतो, तेव्हा बाबांनी पूर्ण वेळ चपला हातात धरल्या होत्या. त्यामुळे बाग आमची झाली. महिन्यातून एखादा रविवार आई डबा बांधायची आणि आम्ही जायचो. चिंचेच्या झाडाखाली सतरंजी टाकायची, जेवायचं, बाबा आडवे व्हायचे, आई ओढ्यावर डबे घासायची. मी आणि दादा दगड बघत हिंडायचो. मास्तर त्यांच्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर येत आणि दादाला समजावून सांगत. दादाला इतिहासाची फार गोडी होती असं नाही, पण समोरचा माणूस तन्मय होऊन बोलत असेल तर त्याला मधे तोडणं त्याच्याने होत नसे.

त्या रविवारी घरात भांडण झालेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे पोलीस, नातेवाईक, शेजारी, सगळ्यांनी आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला. कुणी रागावलं का? परीक्षा, पैसा, पोरगी? काही नव्हतं. थंडीचे दिवस होते. दादाने चौकड्यांचा शर्ट घातला होता आणि पायात रबरी चपला. जाताना वाटेत त्याने माझ्या वेणीत टाकळ्याच्या वाळल्या शेंगा खोचल्या आणि मी त्या थेट बागेपर्यंत डोक्यावर घेऊन गेले, म्हणून आई हसली. आईचं ते हसणं मला स्वच्छ आठवतं.

सतरंजी टाकून झाली तेव्हा तो म्हणाला, "मी वरून तलाव बघून येतो. तुम्ही बसा जेवायला."

"मी पण येते," मी म्हणाले.

"चप्पल बघ तुझी. अंगठा तुटलाय. पुढच्या वेळी नेतो."

"थंड होतला रे," आई म्हणाली.

"तू वाढेपर्यंत येतो."

तो शीळ घालत वर गेला. शीळ बराच वेळ ऐकू येत होती, मग पानांच्या आवाजात मिसळली. आईने त्याचं पान वाढून त्यावर दुसरी ताटली पालथी घातली. आम्ही जेवलो. बाबांची झोप झाली. मग बाबा वर गेले, हाका मारत. ते कुंपणापर्यंत जाऊन आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि आई उठून उभी राहिली होती. मास्तर आले. खालच्या पाड्यावरची माणसं आली. त्यांतल्या दोघांनी कुंपणापलीकडचं रान तलावाच्या काठापर्यंत पाहिलं. चप्पल नाही, शर्टाची चिंधी नाही, घसरल्याची खूण नाही. अंधार पडायच्या आत सगळ्यांना खाली यावं लागलं, बिबट्याच्या भीतीने. पालथ्या ताटलीखालचं जेवण आईने तसंच डब्यात भरलं आणि घरी आणलं.

त्यानंतरचं सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. चौकीतला हवालदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मोठा मुलगा आहे, गेला असेल. येतात परत." तलावात माणसं उतरवली, काही मिळालं नाही. मग दिसल्याच्या बातम्या यायला लागल्या. कुणी म्हणालं, मालाडच्या बाजारात पाहिला, दाढी वाढली होती. बाबा गेले, तो दुसराच कुणी निघाला. कुणी म्हणालं, जुहूला चौपाटीवर भेळेच्या गाडीवर काम करतो. बाबांनी फोटो घेऊन प्रत्येक गाडीवर विचारलं. त्या दिवशी ते परत आले तेव्हा त्यांच्या चपलांत वाळू होती. आईने ती दारात झटकली आणि झटकता झटकता विचारलं, "काय म्हणाले?" बाबा म्हणाले, "नाही." हे प्रश्न-उत्तर आमच्या घरात इतक्यांदा झालं की पुढेपुढे आई नुसती मान वर करायची आणि बाबा नुसती मान हलवायचे.

आता माझ्या नातवंडांना खिशातल्या फोनवर एकमेकांचा ठावठिकाणा दिसतो. कुणी दहा मिनिटं उशीर केला की माझी सून नकाशा उघडून ठिपका कुठे आहे ते बघते. मी तो ठिपका तिच्या खांद्यावरून बघते. तिला वाटतं, सासूबाईंना मोबाइलचं कौतुक आहे.

आईने पुढच्या रविवारी पुन्हा डबा बांधला. बागेत गेलो, सतरंजी टाकली, तिने चार पानं वाढली. विजूचे दोन कडक घावणे वेगळे. त्याच्यावर ताटली पालथी. आम्ही जेवलो आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. मग परत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. पूर्वी महिन्यातून एकदा जायचो, आता एकही रविवार चुकेना. पावसाळ्यात चिंचेखाली बसता येत नसे, तेव्हा मास्तर त्यांच्या पत्र्याखाली जागा देत. आईचं साधं गणित होतं. जिथे माणूस हरवतो तिथे तो आधी परत येतो. घरी कोण नसलं तर शेजारी आहेत, पण बागेत आपण नसलो तर त्याला काय वाटेल?

मी दहावी झाले, मग अकरावी-बारावी. रविवारी मैत्रिणी पिक्चरला जात, मी दगडांच्या बागेत. त्या दगडांवरची सगळी चित्रं मला पाठ झाली होती. बागेत सहली येत, लोक आमच्याकडे बघत. डबा उघडून बसलेलं एक कुटुंब आणि एक झाकलेलं ताट. एकदा एका बाईने मला विचारलं, "कुणाची वाट बघताय का?" मी म्हणाले, "भाऊ वर गेलाय." यात खोटं काही नव्हतं.

एक दिवस बाबा मास्तरांबरोबर वीरगळापाशी उभे होते. मी जवळच होते. मास्तर बाबांना दाखवत होते, की सगळ्यात खाली लढाई असते, माणूस पडलेला असतो. त्याच्यावरच्या भागात अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत. आणि वरती तो देवापुढे हात जोडून बसलाय. बाबांनी विचारलं, "आणि ज्याचं शरीरच सापडलं नाही?"

मास्तरांना प्रश्न कळला होता. "त्याचाही उभा करत असतील," ते म्हणाले. "घरच्यांना कुठेतरी थांबावं तर लागतंच ना."

त्या दिवसापासून बाबा बदलले. खोकला वाढला होता, रात्री बसून काढायचे. मला एकदा म्हणाले, "सुमे, तो स्वप्नात येतो. भुकेला असतो. तोंड उघडतो पण मागत नाही." मी म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, "मी गेलो तर त्याचं कोण करणार? तुझी आई करू देणार नाही, आणि तुला कुणी करू देणार नाही."

त्यानंतर काही दिवसांनी ते नाशिकला गेले. कँटीनमधल्या एका माणसाच्या मुलाचं लग्न आहे असं सांगून गेले. आईने पिशवीत धुतलेलं धोतर घालून दिलं. एक दिवस राहून परत आले. रविवार होता, आम्ही बागेत गेलो. बाबा वाटेत दोनदा थांबले, आम्हाला वाटलं दम लागला. चिंचेखाली आईने पानं मांडली. चौथं पान घेऊन तिने दोन घावणे ठेवले, सांबाऱ्याचा वाडगा ठेवला, आणि ताटली पालथी घालणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "त्याचं पान नको वाढूस."

आईला वाटलं, कमी पडेल म्हणून म्हणतायत. "आसा भरपूर," ती म्हणाली.

"मी नाशिकला सगळं करून आलो."

आईने ताटली हातातच धरली. "काय सगळा?"

"विजूचं. गंगेवर. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं केलं. त्याला आता इथे बांधून ठेवू नकोस."

आईला समजायला वेळ लागला. मलाही लागला. बाबा खाली बघून बोलत होते, भराभर, जणू पाठ करून आणलं होतं. मग आईने ताटली हळूच सतरंजीवर ठेवली, उठली आणि वरच्या वाटेने चालायला लागली. इतक्या वर्षांत ती त्या वाटेवर कधी गेली नव्हती. ती खाली बसायची, कारण तो परत येईल तेव्हा कुणीतरी पानापाशी हवं. मी तिच्या मागे धावले. तिची साडी करवंदीच्या काट्यांत अडकत होती, ती सोडवायला थांबत नव्हती, फाडून पुढे जात होती. धारेवर कुंपणाशी जाऊन ती उभी राहिली. खाली तलाव होता, ऊन होतं, एक माणूस नाही. मला वाटलं ती हाक मारेल. मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होते. पण तिने हाक मारली नाही. तारेला धरून ती खाली बघत राहिली, आणि मग मला म्हणाली, "एवढाच बघूक गेल्लो तो?"

एवढंच बघायला गेला होता तो. मी हो म्हणाले.

आम्ही खाली आलो तेव्हा बाबा तसेच बसले होते. कुणी जेवलं नव्हतं. आई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. "माझो झील जितो आसा," ती म्हणाली. माझा मुलगा जिवंत आहे. "तुमी जितो माणूस जाळलास."

मास्तर लांब आपल्या दारात उभे होते, ते आत गेले.

त्यानंतर आई बाबांशी बोलली नाही. भांडण नाही, माहेरी जाणं नाही. ती त्यांना जेवायला वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, रात्री खोकल्याची उबळ आली की पाठ चोळायची. पण बोलली नाही. जे सांगायचं ते माझ्यामार्फत. "सुमे, बापाशीक सांग, पाणी तापला हा." बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. मी सांगायचे, "बाबा, पाणी तापलंय." बाबा म्हणायचे, "हो." आधीआधी मी चिडायचे, रडायचे, दोघांना समजवायचे. मग तेच घर झालं. आता रविवारी आई एकटी बागेत जायची, चार पानांचा नव्हे, दोन पानांचा डबा घेऊन. मी कधी तिच्याबरोबर जायचे, कधी बाबांपाशी राहायचे. कुणापाशीही असले तरी दुसऱ्याला सोडून आल्यासारखं वाटे.

अशाच एका रविवारी बाबांनी मला नाशिकचं सांगितलं. शरीर नसतं तेव्हा पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. "लहान झाला होता गं," बाबा म्हणाले. "मी गुरुजींना म्हणालो, मुलगा उंच होता. ते म्हणाले, मापाचं काही नसतं. मग मीच आणखी दोन-चार देठ मागून घेतले आणि पायाला जोडले." हे सांगताना त्यांनी हातांनी लांबी दाखवली. "पिंडालाही खूप वेळ थांबलो. शिवला कावळा. म्हणजे जेवला असेल ना?"

मी म्हणाले, "जेवला असेल."

तेव्हा दुपार होती, आणि आई बागेत झाकलेलं ताट घेऊन बसली होती.

माझं लग्न जमायला वेळ लागला. मुलगा हरवलेलं घर म्हणून दोन ठिकाणी नकार आला. पण जमलं, बोरिवलीला, चांगल्या माणसांत. लग्नपत्रिकेत निमंत्रकांत विजूचं नाव घालायचं की नाही यावर घरात दोन दिवस माझ्यामार्फत बोलणं चाललं. शेवटी बाबांनी हार मानली. नाव छापलं गेलं. मांडवात लोक विचारत होते, भाऊ कुठला? कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला.

बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटी शेवटी त्यांना उताणं झोपता येत नसे, उशांना टेकवून बसवावं लागे. मी माहेरी येऊन राहिले होते. एकदा ते मला म्हणाले, "तिला विचार, एकदा बोलशील का." आई तिथेच, हातभर अंतरावर, पेज गाळत बसलेली. तिने ऐकलं होतं. मी तरी विचारलं, "आई, बाबा विचारतायत, बोलशील का." तिने पेज वाटीत ओतली, चमच्याने ढवळून निवू दिली आणि त्यांच्या ओठांशी धरली. ते प्यायले. वाटी संपेपर्यंत ती धरून होती. पण बोलली नाही.

ते सकाळी गेले. चाळ जमली, बांबू आले, मडकं आलं. चुलतभाऊ आंघोळ करून तयार झाला. तेव्हा आई पडवीत येऊन म्हणाली, "विजू येऊ दे. मगे काय ता करा."

काकांनी तिला समजावलं, शेजारणींनी समजावलं. ती दारातच बसली, बाबांच्या पायांशी, वाट अडवून. मी तिच्याजवळ जाऊन बसले. दुपारी खाणीची शिट्टी झाली, सुरुंग उडाला, आतली भांडी वाजली. माणसं पाळीपाळीने चहा पिऊन येत होती. बर्फ आणावा लागला. ऊन कलल्यावर ती आपणहून उठली, बाजूला झाली आणि म्हणाली, "त्येका कळाक नाय वाटता." त्याला कळलं नाही वाटतं. मग त्यांना नेलं.

नंतर आई माझ्याकडे बोरिवलीला आली. तिथून बाग लांब, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. तरी पाय चालत होते तोवर दर रविवारी सकाळी बसने जायची, दोन बस बदलून. माझ्या सासरच्यांनी कधी तिला हटकलं नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे. गुडघे गेल्यावर बंद झालं. मग रविवारी ती आमच्या गॅलरीत डोंगराकडे तोंड करून बसायची. मरायच्या आधी काही महिने तिला माणसं ओळखू येईनात. मला ती शेजारीण समजायची, आणि मला शेजारणीसारखं सांगायची, की माझो झील वयर गेलो हा, येतलो इतक्यात.

ती गेल्यावर मी एकदा बागेत गेले. सोबत कुणाला नेलं नाही. आता तिथे पोचायला रिक्षा थेट फाटकापर्यंत जाते. मास्तर जाऊन खूप वर्षं झाली. बाग दुसऱ्या कुणी चालवायला घेतली आहे, आणि खरं सांगायचं तर मास्तरांपेक्षा नीट ठेवली आहे. दगडांवर छपरं घातली आहेत, चांगल्या पाट्या आहेत, वाटांवर फरश्या. सकाळी लोक बूट घालून चालायला येतात, शाळेच्या मुलांना घेऊन एक तरुण मुलगी वीरगळ समजावत होती, चांगलं समजावत होती. चिंच आहे. तिच्याभोवती बसायला गोल पार बांधलाय. मी जरा बसले. मग वरच्या वाटेकडे गेले तर तिथे लोखंडी दार लावून कुलूप घातलेलं. सुरक्षारक्षक म्हणाला, "आँटी, वरची वाट बंद केली. बिबट्या येतो. खालून दोन राऊंड मारा ना, मस्त आहे."

मी विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"मी लागलो तेव्हापासून बंदच बघतोय," तो म्हणाला. "कोणी जात नाही वर."

मी खालची एक फेरी मारली आणि घरी आले.

आमच्याकडे पितृपक्षात हे, म्हणजे माझे यजमान, तर्पण करतात. गुरुजी नावं विचारत जातात आणि हे पाणी सोडतात. आई-वडील, आजोबा-पणजोबा, मग काका, मामा, आत्या, मग सासुरवाडीची माणसं. सासरे म्हटलं की हे बाबांचं नाव सांगत. मग गुरुजी विचारत, "मेहुणे कोणी?" आणि हे म्हणत, "नाही." आई आतल्या खोलीत असे, आणि तिला ऐकू उत्तम येई. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. त्याबद्दल आमच्यात एक शब्दही कधी झाला नव्हता. त्यांचं ते न विचारता 'नाही' म्हणणं, एवढ्यासाठी मी ह्यांची जन्मभर ऋणी आहे.

यंदा सासऱ्यांनंतर सासूबाई म्हणून आईचं नाव घेतलं गेलं. पाणी सोडलं. गुरुजी नवीन आहेत, तरुण, त्यांना घाई होती, अजून दोन घरं करायची होती. "मेहुणे कोणी गेलेत का?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, जिथे मी खिरीचं पातेलं उतरवत होते. गुरुजींनीही बघितलं. पातेलं मी ओट्यावर ठेवलं.

"विजय," मी म्हणाले.

गुरुजींनी गोत्र विचारलं. ह्यांनी सांगितलं. मग त्यांच्या बोटांवरून तीळ आणि पाणी तांब्याच्या ताम्हणात पडल्याचा आवाज आला, आणि गुरुजी पुढच्या नावाकडे वळले.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी भांडी घासली, ओटा पुसला, आणि हॉलमध्ये जिथे आईचा फोटो आहे तिथे त्या दिवशी गेले नाही.